‘लेफ्ट बिहाइंड’चे कौतुक कशासाठी?

‘लेफ्ट बिहाइंड’ या अमेरिकन चित्रपटाविषयी अमरावती-अकोल्याकडील कॅथॉलिक कुटुंबांतून जी मते आमच्या कानी येतात, ती बहुतांशी कौतुकाची असतात. हा चित्रपट पाहिल्यापासून मुले न सांगता सायंप्रार्थनेला बसतात, असे एखादी माता समाधानाने सांगते. बायबलात आहे तेच त्यांनी पडद्यावर आणले, त्यात वावगे काय, असे एखादे निवृत्त गुरुजी विचारतात. तरुण मंडळी नटांच्या अभिनयाला आणि खोट्या दिसणाऱ्या विमानाला हसतात व ‘सिनेमाच तो, एवढे काय मनावर घ्यायचे’ म्हणून मोकळी होतात. ही तिन्ही मते आम्हांस अमान्य आहेत. आणि त्यांतही मातेचे मत आम्हांस सर्वांत अधिक चिंतेचे वाटते, कारण ते प्रेमापोटी आलेले आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी हकीकत. टिम लाहे हे पाळक आणि जेरी जेन्किन्स हे लेखक, या दोघा अमेरिकन प्रॉटेस्टंटांनी १९९५ साली याच नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. २००७ पर्यंत तिची सोळा पुस्तकांची माला झाली आणि खप सहा कोटी प्रतींच्या पुढे गेला. २००० साली तिच्यावर पहिला चित्रपट निघाला. (त्याचे दिग्दर्शक विक सरीन हे जन्माने काश्मीरचे, ही आपली एक गंमत.) खुद्द लाहे यांना तो मनाजोगा वाटला नाही व प्रकरण कोर्टात गेले. २०१४ साली निकोलस केज यांना वैमानिकाच्या भूमिकेत घेऊन तीच कथा पुन्हा चित्रित झाली, आणि २०२३ साली तिचा पुढचा भाग आला. कथा अशी की, एका क्षणी जगभरातील खरे विश्वासणारे आणि झाडून सारी बालके नाहीशी होतात. त्यांचे कपडे जागच्या जागी पडून राहतात. चालकाविना मोटारी आदळतात, विमानातले प्रवासी आक्रोश करतात. वैमानिकाची भाविक पत्नी उचलली गेली आहे; तो स्वतः आणि त्याची तरुण मुलगी मागे राहिली आहेत. कादंबरीमालेत यापुढे सात वर्षांचा संकटकाळ येतो, ख्रिस्तविरोधक राज्य करतो आणि मग प्रभूचे गौरवी आगमन होते.

चित्रपट म्हणून तो सुमार आहे, याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. ‘ख्रिश्चॅनिटी टुडे’ या अमेरिकेतील प्रॉटेस्टंट नियतकालिकाच्या समीक्षकानेसुद्धा २०१४ च्या चित्रपटाला ख्रिस्ती चित्रपट म्हणण्यास नकार दिला होता. पण हसणाऱ्या तरुणांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. बेगडी विमान चार दिवसांत विसरले जाते. आसनावर पडलेले रिकामे कपडे विसरले जात नाहीत. प्रभू येतो तो आपल्या माणसांना संकटातून काढून नेण्यासाठी आणि उरलेल्यांना संकटात टाकून देण्यासाठी, हे एक चित्र तेवढे मनात घर करून राहते; आणि हे चित्र ख्रिस्तसभेचे नव्हे.

गुरुजींचा मुद्दा अधिक विचार करण्याजोगा आहे. बायबलात आहे म्हणजे नेमके कोठे आहे? विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप उचलून नेले जाईल आणि संकटकाळ त्यानंतर येईल, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या आयर्लंडमधील माजी अँग्लिकन पाळकाने रूढ केली. १९०९ साली स्कोफील्ड यांनी छापलेल्या टिपांसह बायबल काढले आणि ती टिपांच्या वाटेने अमेरिकेतील घराघरांत पोहोचली. टीप आणि मूळ वचन एकाच पानावर छापलेले असले, की वाचकाला दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागतात. संत आगस्तीनपासून संत थॉमस अक्वायनसपर्यंत कोणाही आचार्याने असे दोन टप्प्यांतले पुनरागमन शिकविलेले नाही.

आता वचने पाहू. शेतात दोघे असतील, एकाला नेले जाईल व दुसऱ्याला ठेवले जाईल, हे संत मत्तयच्या चोविसाव्या अध्यायातील वाक्य या पक्षाचा मोठा आधार. परंतु त्याच्या जरा वर नोहाची गोष्ट आहे. नोहाच्या काळी कोणाला नेले? खाणाऱ्या-पिणाऱ्या बेसावध माणसांना, आणि ते पुरात वाहून गेले. मागे राहिला तो नोहा. उतारा सलग वाचला, तर ‘मागे राहणे’ ही शिक्षा ठरत नाही, तारण ठरते. आणि चित्रपटाचे नावच उलटे पडते!

दुसरा आधार संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील. तेथे पौल आपल्या मृतांसाठी शोक करणाऱ्यांचे सांत्वन करीत आहे. निधन पावलेले आणि जिवंत असलेले असे सारेच प्रभूला सामोरे जातील, असे तो म्हणतो. सामोरे जाणे म्हणजे काय, हे वऱ्हाडी माणसाला तरी समजावून सांगावे लागू नये. आमच्याकडे नवरदेवाची वरात गावच्या सीमेवर आली, की वधूपक्षाची मंडळी वेशीपर्यंत सामोरी जातात, सीमांतपूजन होते, आणि मग नवरदेवाला वाजतगाजत मांडवात आणतात. सामोरे गेलेले लोक वरातीबरोबर परगावी निघून जात नाहीत. राजा नगराजवळ आला असता मानाचे नागरिक बाहेर येऊन त्याला भेटतात, असा दाखला संत योहान ख्रिझोस्तोम यांनी याच वचनावर प्रवचन करताना दिलेला आहे. प्रभू येतो तो येथे, या पृथ्वीवर, आपल्याच मांडवात. त्याला गावात घेऊन येण्यासाठी आपण वेशीवर जायचे आहे.

पुनरागमनाची जोरकस शिकवण वऱ्हाडात सिनेमातून प्रथम आली, असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मिशनरींनी अकोल्याला आपले मोठे ठाणे केले. त्यांचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांच्या शिकवणुकीचे चार खांब होते: ख्रिस्त तारणारा, पवित्र करणारा, आरोग्य देणारा आणि येणारा राजा. येणारा राजा लवकरच येणार, ही त्या मंडळींची धारणा तीव्र होती. डार्बींचे सारे तपशील त्यांना मान्य होते, असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्याशी आमचे मतभेद आहेत ते आहेतच. पण त्यांचे आचरण पाहावे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात, ज्याला लोक ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणतात, याच मंडळींनी वऱ्हाडातील अनाथ मुलांना आसरा दिला. अकोल्याच्या जेनी फुलर यांनी १९०० साली हिंदी स्त्रीवर होणाऱ्या अन्यायांविषयी एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. राजा उद्या येणार असे मानणारी माणसे आज दुष्काळात ठाण मांडून राहिली. चित्रपटात त्यांच्यासारखे एकही पात्र नाही, कारण त्या कथेच्या हिशेबाने खरा विश्वासणारा संकटाच्या वेळी हजरच नसतो.

ख्रिस्तसभेची शिकवण १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात, सहाशे पंचाहत्तराव्या परिच्छेदापासून पुढे, निःसंदिग्ध शब्दांत आहे. प्रभूच्या पुनरागमनापूर्वी ख्रिस्तसभेला एका अंतिम कसोटीतून जावे लागेल. वगळून नव्हे, टाळून नव्हे, तिच्यातून जावे लागेल. आपल्या प्रभूप्रमाणे मरणातून पुनरुत्थानाकडे. इतिहासाच्या आतच प्रभूचे दृश्य राज्य स्थापन होईल या कल्पनेला तर रोमने १९४४ सालीच नकार दिला होता. जो धर्म क्रूसाला मुख्य खूण मानतो, त्याच्या अनुयायांनी सुटकेची वाट आकाशातून शोधावी, हे मुळातच विपरीत आहे.

यावर कोणी म्हणेल, चित्रपटात कॅथॉलिकांविरुद्ध तर काही नाही. पडद्यावर नाही, हे खरे. परंतु पडदा ज्या पुस्तकांतून आला, ती उघडून पाहावीत. कादंबरीमालेच्या पुढील भागांत पोपही उचलला गेल्याचे सांगितले आहे. वाचकाला क्षणभर बरे वाटते. पण तो का उचलला जातो? त्याची शिकवण परंपरेपेक्षा मार्टिन ल्यूथरकडे अधिक झुकू लागली होती म्हणून! म्हणजे पोपचे तारण झाले ते पोपपणा सोडू लागल्यामुळे. त्याच्या जागी येणारा अमेरिकन कार्डिनल पुढे ख्रिस्तविरोधकाच्या पदरी असलेल्या जागतिक खोट्या धर्माचा प्रमुख होतो. हे लिहिणाऱ्यांचा कॅथॉलिक ख्रिस्तसभेविषयीचा अभिप्राय यापेक्षा स्पष्ट तो कसा असावा? अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या बिशपांनी २००३ साली ही पुस्तके आशयाने व रूपाने कॅथॉलिकविरोधी असल्याचे जाहीर केले होते, ते उगाच नव्हे. आमच्या घरांतून मात्र याच कथेची ‘श्रद्धा वाढविणारी’ म्हणून शिफारस होते.

आता त्या मातेकडे येऊ. मुले प्रार्थनेला बसू लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ती कशामुळे बसू लागली, हे तिने त्यांना विचारले आहे काय? अमेरिकेत या कथेवर वाढलेल्या कित्येकांनी मोठेपणी सांगितले आहे की, शाळेतून घरी आल्यावर आई दिसली नाही, तर ती उचलली गेली आणि आपण राहिलो, या भीतीने त्यांचे काळीज थरथरे. ही भीती म्हणजे देवाचे भय नव्हे. देवाचे भय माणसाला देवाकडे ओढते; ही भीती त्याला आपल्या नावाची चिठ्ठी निघाली की नाही, एवढेच पाहायला लावते.

आणि हे मूल खिडकीबाहेर पाहते, तेव्हा त्याला कोण दिसते? १९५५ साली नागपूरपासून वेगळ्या झालेल्या अमरावती धर्मप्रांतात आमची कुटुंबे विखुरलेली आहेत. पुष्कळदा सबंध गल्लीत एकच ख्रिस्ती घर असते. शेजारी हिंदू, पलीकडे बौद्ध, समोर मुसलमान. आजारपणात डबा घेऊन येतात ते हेच, आणि आमच्या मयतीला खांदा देतात तेही हेच. किती घरांत तर मामा-मावशी, आत्या-काका आजही ख्रिस्ती नाहीत. २०१४ च्या चित्रपटातील विमानात एक मुसलमान प्रवासी आहे. माणूस सज्जन दाखविला आहे. तरी तो मागे राहतो, आणि कथेला त्यात काही बोचत नाही. याच न्यायाने गाडगेबाबांचे काय झाले असते? शेंडगावच्या या माणसाने आयुष्यभर गावोगावची घाण झाडली आणि १९५६ साली अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर देह ठेवला. हातातला खराटा बाजूला ठेवून त्यांना रांगेत शेवटी उभे करा, असे आमच्या मुलांना शिकवायचे आहे काय? स्वतःच्या दोषाविना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात व सदसद्विवेकाला स्मरून वागतात, त्यांनाही तारण लाभू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात सांगितले आहे. तो सोळावा परिच्छेद पालकांनी एकदा मुलांसह वाचावा.

शिवाय ‘मागे राहिलेले’ हा शब्द वऱ्हाडात उच्चारताना थोडे थांबावे लागते. येथे त्याचा अर्थ निराळा आहे. कापसाने दगा दिला, कर्ज फिटेना, घरातला कर्ता पुरुष कीटकनाशक पिऊन गेला. मागे राहिली ती त्याची बायको, दोन मुले आणि सावकाराची वही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. एवढ्याने ते मरण थांबले नाही. संकटकाळ कधी सुरू होणार याची गणिते मांडणाऱ्यांनी अशा एखाद्या घरी जाऊन बसावे. संत मत्तयच्याच पंचविसाव्या अध्यायात, म्हणजे त्या ‘नेले जाईल’च्या वचनानंतर एकच अध्याय पुढे, राजा सिंहासनावर बसून जे विचारतो ते भुकेल्याविषयी, तहानेल्याविषयी, उघड्याविषयी आणि तुरुंगातल्याविषयी. त्या प्रश्नपत्रिकेत तारखांचा प्रश्न नाही. कादंबरीकारांनी या अध्यायावर सिनेमा काढावासा वाटू नये, याचे आम्हांस नवल वाटत नाही. त्यात विमान नाही.

आमच्या धर्मगुरूंनाही विचारणे भाग आहे. नोव्हेंबर हा मृतांचा महिना. वर्षाच्या अखेरच्या रविवारी युगान्ताची वाचने येतात. आणि तीन वर्षांतून एकदा आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी तोच नोहाचा उतारा वाचला जातो. त्या दिवशी प्रवचन बहुधा गव्हाणीच्या स्पर्धेवर आणि गायनमंडळाच्या तालमींवर होते. श्रद्धाप्रकटनात दर रविवारी आपण म्हणतो की, तो जिवंतांचा व मृतांचा न्याय करण्यास पुन्हा येईल. त्या एका वाक्याचा अर्थ वेदीवरून सांगितला गेला नाही, की लोक तो फोनच्या पडद्यावर शोधतात.

युगान्तावरची कादंबरीच हवी असेल, तर कॅथॉलिक साहित्यात ती आहे. कँटरबरीच्या अँग्लिकन आर्चबिशपांचे पुत्र रॉबर्ट ह्यू बेन्सन १९०३ साली कॅथॉलिक झाले, पुढे धर्मगुरू झाले आणि १९०७ साली त्यांनी ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ लिहिली. पोप फ्रान्सिस यांनी ती वाचण्याची शिफारस २०१५ साली मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांजवळ केली होती. तीत ख्रिस्तविरोधक आहे, पण तो राक्षस नाही. शांतता आणि मानवता यांची भाषा बोलणारा, साऱ्यांना आवडणारा पुढारी आहे. त्याच्या राज्यात ख्रिस्तसभा आटत आटत मूठभर उरते. रोम बेचिराख होते, नवा पोप नासरेथमध्ये लपून राहतो. शेवटच्या पानांत नाशाची विमाने त्या गावावर चालून येतात. कोणीही उचलले जात नाही, कोणाचे कपडे रिकामे होत नाहीत. ती थोडी माणसे पवित्र साक्रामेंतापुढे स्तोत्र गात असतात, आणि विमाने जवळ येत असतानाही ती गात राहतात. ही कादंबरी कोणी मराठीत आणणार असेल, तर त्यातील प्रकरणे या पानांवर क्रमशः छापण्यास आम्ही आनंदाने जागा देऊ.