शेवटचे कडवे कापू नका



चाकणहून सेकंड शिफ्टची बस सुटली की निम्म्या बसच्या कानात वायर असते. पूर्वी जे गाणे ऐकायला गायन पार्टीसमोर रात्रभर मांडी घालून बसावे लागे, ते आज खिशात आले आहे. मोबाईलने पोरे बिघडली, असे आपण सगळेच म्हणतो. पण त्याच मोबाईलवर आपली मुले काय काय शोधून काढतात, हेही एकदा शेजारी बसून पाहावे.

जालंधरची गिन्नी माही पंजाबीत बाबासाहेबांवर गाते. आपल्याला भाषा कळत नाही, पण 'बाबासाहेब' हा शब्द कळतो आणि अंगावर काटा येतो. औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गातात. त्यांचा आवाज घराघरात पोचला तो मोबाईलवरच्या व्हिडिओमुळेच. अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जातीचा प्रश्न मांडतो. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायक-वादकांचा संच उभा राहिला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. हे नाव त्यांनी पंडित अयोथी दास यांच्या 'जातिविहीन तमिळ' या विचारातून घेतले. अयोथी दासांनी बौद्ध धम्म स्वीकारला १८९८ मध्ये, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या ५८ वर्षे आधी! एका गाण्याच्या मागे लागलेला मुलगा असा इतिहासापर्यंत जाऊन पोचतो.

चित्रांचेही तसेच. सिद्धेश गौतम हा तरुण 'बेकरी प्रसाद' या नावाने चळवळीची पोस्टर्स करतो. मुंबईचे विक्रांत भिसे आपल्या चळवळीची माणसे रंगवतात. मालविका राज यांनी बिहारच्या मधुबनी शैलीत, जिथे पिढ्यान्पिढ्या देवादिकांच्या कथा रंगवल्या गेल्या तिथे, बुद्धाचे जीवन आणि बाबासाहेब रंगवले. गॅलरीची पायरी चढायला आपल्याला संकोच वाटतो. पण हे सारे आता घरबसल्या पाहता येते.

मात्र एक गोष्ट मनाला खटकते. हे आपण पाहतो, ऐकतो, पुढे पाठवतो, पण करणाऱ्याचे नाव वाटेतच गळून पडते.

देहूरोडच्या धम्मभूमीवर २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथून तुकोबांचे देहू गाव फार लांब नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग घातला होता. तुकोबा, चोखोबा अभंगाच्या शेवटी आपले नाव घालत. हीच नाममुद्रेची रीत आपल्या कवी-गायकांनी पुढे चालवली. वामनदादा कर्डकांची गाणी आठवून पाहा. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. हजारो गाणी लिहिणाऱ्या या माणसाजवळ ना छापखाना होता, ना कंपनी. गाणे तोंडातोंडी गावोगाव जाणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून नाव गाण्यातच विणून ठेवायचे. गाणे जिथे जाईल तिथे नाव जाईल.

आता स्टेटसला ठेवतात अर्ध्या-एक मिनिटाचा तुकडा. त्यात धृपद येते, फार तर एक कडवे येते. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे नेमके कवीचे नावच कापले जाते! मग कोणी खाली लिहितो 'पारंपरिक भीमगीत', आणि कोणी दुसराच ते आपल्या चॅनेलवर टाकतो. जाहिरातीचे पैसे मिळाले, तर ते चॅनेलवाल्याला मिळतात. ज्या समाजाचे नावच इतिहासात कोणी लिहीत नव्हते, त्या समाजाने आपल्याच कवीचे नाव पुसावे काय?

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कवीने किंवा चित्रकाराने हक्क विकून टाकले, तरी ती रचना आपली आहे असे सांगण्याचा त्याचा अधिकार शाबूत राहतो. मृत्यूनंतरही गाण्याचा हक्क ६० वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ सालाच्या अखेरपर्यंत आहे.

आता जयंतीच्या हिशेबाकडे वळू. आपल्या मंडळाची जमाखर्चाची वही उघडून पाहा. मंडप, लाइट, डीजे, हार, फ्लेक्स. फ्लेक्सचे पैसे आपण चौरस फुटावर मोजून देतो. पण त्यावरच्या चित्राचे? शून्य. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये पडून असलेला तोच तो फोटो, कोपऱ्यात बाबासाहेब आणि खाली चाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. त्याच वस्तीत एखादी मुलगी वहीच्या मागच्या पानावर सुंदर चित्रे काढत असते. तिला कोणी विचारत नाही. विचारलेच तर 'समाजाचे काम आहे, फुकट करून दे' म्हणतात. मंडपवाल्याला आपण असे म्हणतो का?

म्हणून येत्या १४ एप्रिलसाठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना तीन सूचना. एक, खर्चाच्या वहीत 'चित्रकार' आणि 'कवी-गायक' असे दोन रकाने घाला. रक्कम लहान असो, पण ती पावतीवर द्या. दोन, पोस्टरच्या खाली चित्र काढणाराचे नाव छापा, मग शुभेच्छुकांचे. तीन, विहारात महिन्यातून एका रविवारी मुलांनी मोबाईलवर शोधलेले एक गाणे किंवा चित्र सगळ्यांना दाखवावे. ते कोणी केले, तो माणूस कुठला, हे त्यांनीच सांगावे. आयांनी आणि आजींनी जुनी गाणी सांगावीत, मुलांनी ती कवीच्या नावासह लिहून घ्यावीत. आजींना पाठ असलेली कित्येक गाणी अजून कुठल्याच चॅनेलवर नाहीत.

आणि घरी गाणे लावाल तेव्हा ते पूर्ण लावा. शेवटच्या कडव्यात आपला माणूस उभा आहे. त्याच्या तोंडावर दार लावू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!