पुठ्ठ्याची जिप्सी



मागच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या हातून एक चूक झाली. पहिला क्रमांक आम्ही थर्मोकोलच्या एका रणगाड्याला दिला. त्याला भरपूर चमकी, हातभर तोफ आणि वर झेंडा. तो कोणी बनवला हे आम्ही विचारले नाही. शेजारच्या टेबलावर आठवीतल्या एका मुलाने सैन्यातल्या जिप्सीची पुठ्ठ्याची प्रतिकृती ठेवली होती, जेमतेम साडेअकरा सेंटिमीटर लांब. आम्ही ती बघून पुढे गेलो.

नंतर कळले की कान्हाच्या मुक्की गेटवर उभ्या असलेल्या पर्यटकांच्या जिप्सीला त्याने स्वतः टेप लावला होता. लांबी ४०१ सेंमी, रुंदी १५४. प्रत्येक माप ३५ ने भागायचे. टायरचा व्यास १.९ सेंमी आला, तेव्हा त्याने इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचे शोधली, ती जवळपास तेवढीच असतात. गणिताच्या तासाला भागाकाराचा कंटाळा करणारा हाच मुलगा!

३५ च का, असे त्याने आम्हाला विचारले. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली. आत मोटर आणि सेल मावावेत म्हणून जो आकार ठरला, तो मोजल्यावर १:३५ निघाला. पुढे तेच माप जगभर रूढ झाले.

रंगकामही शिकण्यासारखे आहे. खऱ्या गाडीचा हिरवा रंग लहान प्रतिकृतीवर जास्त गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा. पुठ्ठा फुगू नये यासाठी आधी फेव्हिकॉल-पाण्याचा एक हात द्यावा. हिरवा रंग सुकला की खाचांत पातळ काळपट रंग सोडावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट रंग फिरवावा. चमकीची गरज पडत नाही.

आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, “सर, शाळेत युद्धाची खेळणी कशाला?” प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर आपल्या घरोघरी मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण तो खेळ आहे. मापाने केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. सेंच्युरियन रणगाड्याची रुंदी ३.३९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत ९.७ सेंमी. आता पाच-पाच सेंमीची चार माणसे त्यात बसवून पाहा, तोफेचे गोळेही तिथेच ठेवायचे आहेत. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ च्या लढाईत जखमी असूनही मागे गेले नाहीत, ते अशाच रणगाड्यावर होते. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. त्याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी सेंच्युरियनमध्येच गेले, वय अवघे २१. दोघांनाही परमवीर चक्र मिळाले. आत किती जागा होती हे हाताने मोजलेला मुलगा युद्धाला खेळ समजेल, असे आम्हाला वाटत नाही.

आणि दूर कशाला जायचे? सैन्याचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा आपल्या जबलपूरच्याच. जोंगाच्या नावातला ‘ज’ जबलपूरचाच आहे. ज्यांच्या घरी कोणी तिथे नोकरीला होते, त्यांनी मुलांना जरूर सांगावे.

पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक प्रतिकृतीसोबत मापांचा कागद लागेल, तोही मुलाच्याच अक्षरात. पालकांनी फक्त ब्लेडपुरती मदत करावी. विश्वस्त मंडळाकडे आम्ही दोन टेप, काही पट्ट्या आणि एका कपाटाची मागणी केली आहे. फार खर्च नाही.

ती जिप्सी सध्या कार्यालयात आमच्या टेबलावर आहे. मुलगा ती परत मागतो आहे, स्टेपनी बसवायची राहिली म्हणतो.