आरोग्यविचार : रक्त गाळून संधिवात जातो काय ?

संधिवातानें गांजलेल्या माणसास आप्तेष्टांकडून दोन सल्ले हटकून मिळतात. एक, "हवा पालटा". दुसरा, "रक्त शुद्ध करून घ्या". पहिला सल्ला मानणाऱ्या खानदेशांतील कुटुंबांस तोरणमाळ जवळचें. सातपुड्यांत साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरील हें ठिकाण, तेथील यशवंत तलाव व गोरक्षनाथाचें देऊळ हीं पुष्कळांच्या परिचयाचीं आहेत. तेथें चार दिवस राहिल्यानें मन प्रसन्न होतें यांत शंका नाहीं. परंतु संधिवाताचें मूळ हवेंत नसल्यामुळें तो हवेनें जात नाहीं. दुसऱ्या सल्ल्याचा विचार मात्र अधिक सविस्तर केला पाहिजे. कारण तो आतां यंत्राच्या रूपानें पुढें येतो, आणि "औषधावांचून" या एका शब्दानें शिकलेल्या माणसांसही भुरळ पडते.

प्रथम दुखणें कोणतें तें ठरवूं. उतारवयांत गुडघे झिजून दुखतात तें निराळें. आम्ही येथें बोलत आहों तो संधिवात बहुधा ऐन कर्त्या वयांत येतो आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक गांठतो. दोन्ही हातांचीं लहान बोटें व मनगटें सुजतात; सकाळीं उठल्यावर तासभर मूठ वळत नाहीं, कणीक मळवत नाहीं, वेणी घालवत नाहीं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनीं १९९६ सालापासून भिगवण येथें जी पाहणी केली, तींत प्रौढांमध्यें दर हजारीं सुमारें पांच जणांस हा विकार आढळला. यांत शरीराचें संरक्षण करणारी यंत्रणाच आपल्या सांध्यांवर उलटते, आणि रक्तांत विपरीत प्रतिपिंडें फिरूं लागतात. मग तीं गाळून कां काढूं नयेत, असा प्रश्न कोणासही सुचेल.

रक्तांतून दोष काढण्याची कल्पना आपणांस नवी नाहीं. सुश्रुतानें जळवांच्या बारा जाती सांगून त्यांपैकीं सहा सविष व सहा निर्विष ठरविल्या, आणि रक्तमोक्षणाचा विधि वर्णिला. योगायोग असा कीं, पाश्चात्त्य देशांतील पहिल्या रक्त गाळणाऱ्या यंत्रासही जळूचेंच साहाय्य लागलें. अमेरिकेंत जॉन एबल व त्याचे सहकारी यांनीं १९१३ सालीं प्राण्यांचें रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरविलें, तेव्हां तें गोठूं नये म्हणून जळूच्या तोंडांतील द्रव्य वापरलें होतें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं रक्त काढून, त्यांतील पेशी परत देऊन, केवळ रक्तद्रव वेगळा ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली.

हीच रीत पुढें संधिवातावर योजण्यांत आली. रोग्याचा रक्तद्रव काढून टाकावयाचा व त्याच्या जागीं दुसरा द्रव द्यावयाचा. रक्ताच्या तपासणीचे आंकडे झपाट्यानें सुधारले, आणि सर्वत्र आशा पल्लवित झाली. परंतु १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर परीक्षेंत रोग्यांवर खरा व लटका असे दोन्ही उपचार आळीपाळीनें करून पाहिले, तेव्हां असें दिसलें कीं, कागदावरचे आंकडे सुधारले तरी सांध्यांस त्याचा लाभ झाला नाहीं. दुखणें सांध्यांत असतें, कागदावर नसतें, ही गोष्ट रोग्याच्या घरच्यांनीं कधीं विसरूं नये.

यानंतर आला तो 'प्रोसोर्बा' नांवाचा स्तंभ. एका जंतूपासून मिळणारें 'प्रोटीन ए' हें द्रव्य प्रतिपिंडांस धरून ठेवतें. तें वाळूसारख्या सिलिकाच्या कणांवर बसवून एका नळकांड्यांत भरीत. एका हाताच्या शिरेंतून रक्त घेऊन यंत्र रक्तद्रव वेगळा करी. तो या नळकांड्यांतून जाई आणि पेशींसह परत अंगांत येई. एका बैठकींत सुमारें सव्वा लिटर रक्तद्रव गाळला जाई. आठवड्यास एक, अशा बारा बैठका. १९९९ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें, इतर औषधांनीं गुण न आलेल्या संधिवातासाठीं, यास मान्यता दिली.

त्या मान्यतेमागील परीक्षा मासलेवाईक आहे. निम्म्या रोग्यांचें रक्त यंत्रांतून फिरविलें, सुया टोंचल्या, तितकाच वेळ बसविलें. पण रक्तद्रव स्तंभांतून नेलाच नाहीं. पहिल्या एक्याण्णव रोग्यांचा हिशेब झाला तेव्हां खरा उपचार मिळालेल्या ४७ पैकीं १५ जणांस ठरलेल्या कसोटीप्रमाणें गुण आला, आणि लटका उपचार मिळालेल्या ४४ पैकीं ५ जणांस. म्हणजे उपाय थोतांड नव्हता; पण तिघांपैकीं दोघांस उपयोग झाला नाहीं, आणि नुसत्या यंत्राच्या दर्शनानेंही कांहींना बरें वाटलें. उपचारानंतर सांधे कांहीं काळ अधिकच दुखत व सुजत, रक्तदाब उतरे. गुण कशानें येतो हेंही नीटसें उलगडलें नाहीं, कारण स्तंभांत अडकणाऱ्या प्रतिपिंडांचें प्रमाण अगदीं थोडें होतें. त्याच सुमारास संधिवाताच्या मुळाशीं जाणारीं नवीं इंजेक्शनें निघालीं, आणि २००६ च्या सुमारास हा स्तंभ बाजारांतून नाहींसा झाला.

गाळण्याच्या उपायाची मर्यादा समजण्यास आपली विहीर पुरे. गढूळ पाणी उपसलें तरी झरा गढूळ असेल तर चार दिवसांत विहीर पुन्हां तशीच. प्रतिपिंडें शरीर सतत तयार करीत असतें, आणि त्यांचा मोठा भाग शिरांबाहेर, ऊतींत असतो. तेथें यंत्राचा हात पोंचत नाहीं. झरा आवरावा लागतो, आणि तें काम आज औषधेंच करितात. त्यांतील प्रमुख मेथोट्रेक्सेट आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास तें जिवावर बेततें. गरोदरपणीं तें वर्ज्य. रक्ताची व यकृताची तपासणी वेळोवेळीं करावी लागते. एवढा जाच पाहून घरांतील सून किंवा सासू औषध सोडून "रक्तशुद्धी"च्या मागें लागली, तर आम्ही तिला दोष देणार नाहीं. पण सांगूं इतकेंच कीं, या रोगांत सांध्यांची हानि पहिल्या एकदोन वर्षांतच वेगानें होते. वांकडें झालेलें बोट मागाहून कोणतेंही औषध सरळ करीत नाहीं. पैसा गेला तर पुन्हां मिळेल. ते महिने पुन्हां मिळत नाहींत.

आतां पुन्हां तोरणमाळाकडे वळूं. आपण जेथें हवा खावयास जातों, तेथील पावरा व भिल्ल कुटुंबांतही हातपाय दुखून निजणारीं माणसें आहेत, आणि त्यांच्या दुखण्यासही सरसकट 'वात' म्हणण्याची चूक होते. या पट्ट्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ आढळतो. त्यांत तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक शिरांत अडकतात आणि हाडासांध्यांत असह्य कळा निघतात. तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात. तरुणाच्या खुब्याचें हाड निकामी होतें. कडाक्याची थंडी व अंगांतील पाणी कमी होणें यांनीं कळा उठतात, तेव्हां जी गार हवा पाहुण्यास सुखाची, तीच तेथील रोग्यास वैऱ्यासारखी. आणि गंमत अशी कीं, यंत्रानें रक्त बदलण्याचा उपाय खरोखर उपयोगी पडतो तो या विकारांत : बिकट प्रसंगीं दूषित पेशी काढून निरोगी रक्तदात्याच्या पेशी दिल्या जातात. मात्र त्यासाठीं घाट उतरून शहादें गांठावयाचें, आणि तेथूनही पुढें मोठ्या इस्पितळाची वाट धरावयाची. रोग ओळखण्यास रक्ताची साधी तपासणी पुरते, आणि १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचा भर अशा तपासणीवरच आहे.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. सांधे सुजून सहा आठवडे लोटले तर घरगुती उपचारांत काळ न घालवितां संधिवाताच्या जाणत्या डॉक्टरास दाखवावें. कोणी यंत्राचा उपाय सुचविल्यास तीन प्रश्न विचारावे : माझें दुखणें नक्की कोणतें ? लटक्या उपचाराशीं तोलून याची परीक्षा झाली आहे काय ? आणि याच्यापायीं चालू औषध सोडावें लागेल काय ? तिसऱ्याचें उत्तर "होय" असें आलें, तर दुसऱ्या जाणत्या डॉक्टराचें मत घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. तोरणमाळास मात्र जरूर जावें. गरम कपडे न्यावे, आणि औषधाची पुडीही आठवणीनें बरोबर घ्यावी.