व्यसनमुक्तीनंतरचा मुक्काम

बी-बियाणे, खते व बाजारभाव यांच्या चर्चेस वाहिलेल्या या मासिकात दारूच्या व्यसनाचा विषय कशास, असे काही वाचकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर इतकेच की, करप्याने एका हंगामाचे भात जाते. परंतु घरातील कर्त्या मुलाच्या व्यसनाने बापाची जमीन, आईचे दागिने व भावाभावांतील सलोखा ही तिन्ही जातात. आपल्यापैकी कितीएकांची मुले नोकरीधंद्यानिमित्त अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुंबईच्या उपनगरांत राहतात. त्यांतील एखाद्यास हे व्यसन जडले असता उपचार कोठे करावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. उपचार संपल्यावर त्याने राहावे कोठे, याचा विचार मात्र कोणी करीत नाही. आमचे घर नेमके येथेच फसले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा पुतण्या अंधेरीस एका खाजगी कंपनीत नोकरीस होता. त्याचे पिणे हाताबाहेर गेले तेव्हा कोणा ओळखीच्याने एक छापील पत्रक दिले. ‘खात्रीने दारू सोडवू’ असे त्यावर होते. आम्ही व आमचे धाकटे बंधू यांनी तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले व मुलास तेथे पोहोचवून निश्चिंत झालो. दूरध्वनी करण्यास मनाई, भेटीस मनाई, पैशाची पावती नाही. हे सारे ‘कडक शिस्त’ म्हणून आम्ही मान्य केले. मुलगा बाहेर आला तो वाळलेला व भेदरलेला. आणि अकराव्या दिवशी पुन्हा प्यायला. आमची सारी हयात महसूल कचेरीत गेली. सातबारा पाहिल्यावाचून व शिवारात जाऊन हद्दी तपासल्यावाचून गुंठाभर जमिनीचा व्यवहार करू नये, असे आम्ही शेकडो शेतकऱ्यांस सांगितले. तेच आम्ही घरचा मुलगा परक्याच्या हाती देताना आतली खोलीसुद्धा पाहिली नाही. दोष त्या घरचालकाचा होताच, परंतु आमचाही काही थोडा नव्हता.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. दारू उतरविणे व दारूवाचून राहावयास शिकणे ही दोन निराळी कामे होत. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली असता हातपाय कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे विकार पहिल्या काही दिवसांत उद्भवतात व त्यांत जीवही जाऊ शकतो. यास्तव हे पहिले काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. त्यासाठी परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर, शीवचे लोकमान्य टिळक व जुहूचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. लोकलच्या डब्यात चिकटविलेल्या जाहिराती वाचून चहात गुपचूप औषध घालण्याचा प्रकार तर कोणीही करू नये. असे औषध पोटात असता वर दारू प्यायली गेली तर ते प्राणावर बेतते.

दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे मान्यवर संस्था आहेत. १९८१ साली फादर जोसेफ परेरा यांनी वांद्रे येथे कृपा फाउंडेशन सुरू केले. १९८६ साली डॉ. अनिल अवचट व डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यास येरवड्याला मुक्तांगण काढले. मुक्तांगणचा निवासी उपचार सुमारे पाच आठवड्यांचा असतो. परंतु जी सवय पंधरा वर्षांत जडली ती पाच आठवड्यांत मुळासकट जात नाही, हे त्या संस्थाही सांगतात व पाठपुराव्यास बोलावीत राहतात. मधल्या काही महिन्यांसाठी ज्या घरात व्यसन सोडलेले लोक एकत्र राहतात, कामावर जातात व एकमेकांस सांभाळतात, त्यास शहरात ‘हाफ-वे होम’ म्हणतात. अमेरिकेत १९७५ साली मेरीलँड प्रांतात ‘ऑक्सफर्ड हाउस’ या नावाने अशी घरे निघाली. तेथे रहिवासीच कारभार पाहतात, खर्च वाटून घेतात, आणि जो पिईल त्यास घर सोडावे लागते.

कोणी म्हणेल, आपले गाव व आपले शेत असता परक्या घराची गरज काय? आमच्या बंधूंचेही हेच म्हणणे होते. “दादा, पोरगा मातीत राबला की आपोआप ताळ्यावर येईल,” असे ते म्हणत. मातीवर आमचाही विश्वास आहे. परंतु गावी हातभट्टी आहे, जत्रा आहे, लग्नसराई आहे आणि ‘एक घोट घे, काय होते’ म्हणणारे सोबती आहेत. रोपवाटिकेतून काढलेले भाताचे रोप लावणीनंतर काही दिवस पिवळे पडते. मूळ धरीपर्यंत त्यास हलवून चालत नाही. पुतण्याच स्वतः म्हणाला, “काका, मला आताच गावी नेऊ नका, तेथे मी टिकणार नाही.” त्याचे ऐकले हे बरे झाले.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघे बंधू मुलास बरोबर घेऊन दोन दिवस उपनगरांत हिंडलो व तीन घरे पाहिली. त्यावरून ज्या कसोट्या आम्हांस सुचल्या त्या येथे देतो.

पहिली कसोटी कागदपत्रांची. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार त्यात येतात, आणि अशा रुग्णांस उपचार, विश्रांती वा पुनर्वसनासाठी जेथे ठेवितात त्या संस्थेस नोंदणी अवश्य आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. घुटमळला की उठावे.

दुसरी कसोटी दाराची. साखळदंडाने बांधण्यास व एकांतकोंडीस त्या कायद्याने मनाई आहे, आणि आप्तांशी बोलण्याचा हक्क रुग्णास आहे. जेथे दारास बाहेरून कुलूप व मुलाशी एकट्याने बोलू देण्यास नकार, तेथे त्यास ठेवू नये. न कळविता दुसऱ्यांदा जाऊन पाहावे. जेवणाची वेळ त्यास उत्तम.

तिसरी कसोटी प्रश्नांची. आजारी पडल्यास डॉक्टर कोणता? कोणी प्यायला तर काय करता? महिन्याचे शुल्क किती, पावती मिळते काय, आणि मुलगा मध्येच निघाला तर उरलेली रक्कम परत मिळते काय? शंभर टक्के खात्री देणाऱ्याचे घर आम्ही तत्काळ सोडले. ज्याने “आमच्याकडून गेलेले दोघे पुन्हा पिऊ लागले, ते असे” म्हणून कारणासह सांगितले, त्याचे घर आम्ही पसंत केले. तो स्वतः नऊ वर्षे दारूपासून दूर होता. भिंतीवर स्वयंपाकाच्या व झाडलोटीच्या पाळ्या लिहिल्या होत्या, आणि भाजी चिरीत बसलेल्या मंडळींनी आमच्या मुलास बसावयास जागा करून दिली.

चौथी कसोटी वाटेची. स्टेशनापासून घरापर्यंत स्वतः चालत जावे व वाटेत दारूची दुकाने किती ते मोजावे. नोकरी अंधेरीस असल्यास घाटकोपरचे घर मेट्रोमुळे सोयीचे पडते. मुलुंडचे दूर होते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मंडळींच्या सभा उपनगरांत ठिकठिकाणी भरतात व त्यांस शुल्क नसते. घरापासून अशी सभा जवळ असावी. आप्तांसाठीही अल-अनॉन नावाच्या सभा असतात. आमच्या वहिनींस त्यांचा मोठा आधार झाला.

असो. चौथ्या महिन्यात पुतण्याचा पाय एकदा घसरला. त्या घराने त्यास लपविले नाही वा मारले नाही. आम्हांस त्याच रात्री कळविले, रुग्णालयात नेले व नवीन अटींवर परत घेतले. त्यास आज चौदा महिने झाले. यंदा लावणीस तो दोन दिवस गावी आला, गुडघाभर चिखलात राबला आणि तिसऱ्या दिवशी आपण होऊन परत गेला. जत्रेस मात्र आला नाही. बंधूंस वाईट वाटले, परंतु त्यांनी आग्रह धरला नाही.

शेवटी आपल्या संघाच्या तालुका शाखांस एक विनंती. बैलजोडी घ्यावयाची तर आपण चार जाणत्यांस बाजारी नेतो. तसे अशा प्रसंगी एखाद्या अडलेल्या बापाबरोबर दोन जाणते सभासद मुंबईस जावेत. पाहिलेल्या घराविषयी आढळले ते त्यांनी लिहून ठेवावे व पुढच्यास दाखवावे. केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीविषयीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही शाखेच्या फलकावर असावा. लाजेपायी जो बाप एकटाच जातो तो आमच्यासारखाच फसतो. ही लाज आपण वाटून घेतली तर कोणाचे तरी पोर व कोणाचे तरी शेत वाचेल, अशी आमची खात्री आहे.