घटस्फोटाचा कागद मागतात, पण तो मिळतो कुठे? आणि पंचांनी मोडलेल्या लग्नाचं काय?

चंद्रपूर/गडचिरोली : लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीने एक जुना प्रश्न पुन्हा वर आणला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाने ई-केवायसी सक्तीची केली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. ज्यांचा नवरा सोडून गेला, ज्यांचे वडील वारले, त्यांनी ओटीपी कुणाच्या मोबाईलवर मागवायचा? ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बायांना सांगितलं की स्वतःची केवायसी करा, आणि मृत्यू प्रमाणपत्र, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत जमा करा.

मृत्यू प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत मिळतं. घटस्फोटाचं मिळत नाही. अनेक जणी ग्रामसेवकाकडे, तहसीलला, सेतू केंद्रावर हेलपाटे घालतात, पण ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ नावाचा दाखला देणारं कोणतंच ऑफिस तिथे नाही. ज्याला लोक घटस्फोटाचा कागद म्हणतात तो म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, ज्याला वकील ‘डिक्री’ म्हणतात. तो ज्या कोर्टाने दिला त्याच कोर्टातून मिळतो.

आणि ही गरज एका योजनेपुरती नाही. संजय गांधी निराधार योजनेत घटस्फोट झालेली पण पोटगी न मिळणारी बाई पात्र आहे. घटस्फोटाची केस सुरू असलेली बाई सुद्धा पात्र आहे, हे फार जणींना माहीत नसतं. रेशन कार्ड वेगळं करायचं, दुसरं लग्न नोंदवायचं, सगळीकडे हाच कागद लागतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत या कागदापायी अडलेल्या बाया दोन प्रकारच्या आहेत. एकीचा कागद कोर्टाच्या कपाटात आहे, पण कसा काढायचा ते तिला माहीत नाही. दुसरीचा कागद कुठेच नाही, कारण कायद्यानेच तिला कोर्टात पाठवलेलं नाही. पहिलीचा प्रश्न थोड्या धावपळीने सुटतो. दुसरीचा प्रश्न शासनाने सोडवायचा आहे.

आधी हातातला कागद नीट पाहा

घरात कोर्टाचा शिक्का असलेला कागद आहे म्हणजे घटस्फोट झाला असं नाही. तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी कोर्टात महिना दोन-तीन हजार पोटगी बांधून मिळाली असेल, तर तो पोटगीचा आदेश आहे. जुना असेल तर त्यावर ‘कलम १२५’ असेल, १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर नव्या कायद्याचं ‘कलम १४४’. लग्न त्याने मोडत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमधला आदेश असो, भरोसा सेलमधला समझोता असो, त्यानेही नाही. ‘न्यायिक विभक्तता’ लिहिलेला निकाल असेल तर वेगळं राहायची मुभा मिळाली, लग्न कायम आहे.

सगळ्यात मोठा घोळ स्टॅम्प पेपरचा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर ‘आजपासून आमचा संबंध संपला’ असं लिहून, दोघांच्या सह्या, चार साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. गावात याला फारकत म्हणतात, सोडचिठ्ठी म्हणतात. ज्यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो त्यांच्यासाठी नोटरीच्या शिक्क्याने घटस्फोट होत नाही. जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर कायद्याचं कलम २९ तिला मान देतं खरं, पण ती रूढी आहे हे वाद झाल्यावर कोर्टात सिद्ध करावं लागतं. बौद्ध पद्धतीने लग्न झालेल्यांनाही हाच कायदा लागतो, हे लक्षात ठेवा. मुस्लिम जोडप्यांचा कायदा वेगळा आहे, पण एका दमात तीनदा तलाक म्हणणं २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा ठरलं आहे.

आपसी संमतीच्या घटस्फोटात आणखी एक खाच आहे. दोघं एकदा कोर्टात गेले, सह्या केल्या, घरी आले. त्यांना वाटलं झालं. पण कलम १३-ब मध्ये साधारण सहा महिन्यांनी दुसऱ्यांदा हजर व्हावं लागतं. कोर्ट ही वाट पाहण्याची अट कधी कधी माफ करतं, दुसरी पायरी मात्र राहतेच. ती हुकली तर केस बंद होते आणि लग्न तसंच राहतं.

कोणत्या कोर्टात शोधायचं?

केस जिथे चालली तिथे. वाचायला सोपं आहे, पण आपल्याकडे इथेच गाडी अडते. कायद्याप्रमाणे केस लग्न लागलं त्या ठिकाणी, दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथे, समोरचा राहतो तिथे, आणि २००३ पासून बाईने केस केली तर ती राहते तिथेही टाकता येते. म्हणून राजुरा-कोरपना-जिवतीकडच्या बाईची केस तेलंगणात आसिफाबादला असू शकते, सिरोंच्याची मंचेरियालला, ब्रह्मपुरीची नागपूरला.

चंद्रपूरला कौटुंबिक न्यायालय आहे. जिथे कौटुंबिक न्यायालयाची हद्द नाही तिथे घटस्फोटाची केस साधारणपणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालते. केस फार जुनी असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधीची आरमोरी, अहेरी, सिरोंच्याकडची केस असेल तर चंद्रपूरला पण विचारा.

स्मार्टफोन असेल तर घरबसल्या अर्धं काम होतं. ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ नावाचं सरकारी ॲप फुकट आहे. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडा, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाका. चालू केस आणि निकाली केस असे दोन पर्याय येतात, दोन्ही बघा. नाव इंग्रजीत टाकावं लागतं, आणि मडावी, कुळमेथे, गेडाम ही आडनावं कारकुनाने कोणत्या स्पेलिंगने लिहिली ते सांगता येत नाही. म्हणून आडनावाची पहिली काही अक्षरंच टाका, नवऱ्याच्या नावाने पण शोधा, बाईच्या माहेरच्या नावाने पण. केस सापडली की तिचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर लिहून घ्या. पुढे सगळीकडे तोच चालतो. कौटुंबिक न्यायालयात केसच्या प्रकारापुढे ‘ए’ असेल तर ती सहसा हिंदू विवाह कायद्याची, ‘एफ’ असेल तर आपसी संमतीची आणि ‘ई’ असेल तर पोटगीची.

‘निकाली’ दिसलं म्हणून खूश होऊ नका. केस गैरहजेरीमुळे खारीज झाली तरी ॲपवर निकालीच दिसते. निकाल कसा लागला ती ओळ वाचा. आणि फोनवरचा निकाल प्रिंट करून जोडला तर ऑफिसवाले घेतीलच असं नाही, कारण ती प्रमाणित प्रत नव्हे. नवरा-बायकोच्या केसचे आदेश तर बऱ्याचदा ॲपवर दिसतही नाहीत.

नक्कल विभागात वकील लागतोच असं नाही

प्रत्येक कोर्टात नक्कल विभाग असतो. तुम्ही स्वतः पक्षकार असाल तर स्वतः अर्ज करू शकता. अर्जात केस नंबर, दोघांची नावं, निकालाची तारीख आणि काय हवं ते लिहायचं. ‘निकालपत्र आणि हुकूमनामा, दोन्हीची प्रमाणित प्रत’ असं स्पष्ट लिहा. नुसतं निकालपत्र आणलं की पुढचं ऑफिस हुकूमनामा मागतं, आणि भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरच्या वर आहे. पर्लकोटेला पूर असेल तर तेही विसरा. अर्जाला कोर्ट फी तिकीट लागतं, पानांप्रमाणे पैसे लागतात, त्याची पावती घ्या. तातडीची प्रत हवी असेल तर तसं लिहायचं, फी थोडी जास्त पडते. आधारची झेरॉक्स जवळ ठेवा.

आता एक गोष्ट, जी कोर्टाच्या आवारात कुणी आपणहून सांगत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना फुकट द्यायची असते. ‘द्यावी’ असं नाही, ‘देईल’ असं आहे. तुमची ती प्रत वकिलाच्या फाईलमध्ये पडली असेल. आधी तिथे विचारा. नंतरच्या प्रतींना पैसे लागतात.

निकाल जुना असेल तर फाईल अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते. तिथून यायला वेळ लागतो. कोर्ट केसचे सगळे कागद कायम ठेवत नाही, पण निकाल आणि हुकूमनामा इतर कागदांपेक्षा जास्त काळ जपतात. केस नंबर माहीत नसेल तर वर्ष आणि नावं देऊन नोंदवहीत शोध घ्यायचा अर्ज करा. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून मात्र वेळ घालवू नका. कोर्टाच्या प्रमाणित प्रती कोर्टाच्या नियमांनीच घ्याव्या लागतील, माहिती अधिकारात नाही, असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये सांगितलं आहे.

दुसऱ्याच्या घटस्फोटाचा कागद काढता येतो का? सोयरीक जुळवताना हा प्रश्न हमखास येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या केसेस बंद दाराआड चालतात आणि त्यातला मजकूर कोर्टाच्या परवानगीशिवाय छापणं गुन्हा आहे. तिऱ्हाईताने अर्ज केला तर कारण द्यावं लागतं आणि कोर्ट नाही म्हणू शकतं. सोपा मार्ग म्हणजे ज्याचा घटस्फोट झाला त्यालाच हुकूमनामा दाखवायला सांगा. खरा असेल तर त्याच्याकडे असतो. अपील सुरू नाही ना, तेही विचारा.

शोधताना काही बायांना धक्का बसतो. नवऱ्याने परस्पर केस टाकलेली असते, समन्स चुकीच्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि एकतर्फी घटस्फोट झालेला असतो. असं निघालं तर त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा. समन्स मिळालंच नव्हतं, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो रद्द करायचा अर्ज करता येतो. हा महिना गावातल्या बैठकीत घालवू नका.

कायद्यानेच ज्यांना कोर्टात पाठवलं नाही

वरचं सगळं वाचून एटापल्लीची माडिया बाई किंवा जिवतीची कोलाम बाई म्हणेल, यात माझ्या कामाचं काय?

तिचं खरं आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. गोंड, माडिया, कोलाम समाजात लग्न रूढीने लागतं आणि रूढीनेच मोडतं. पंच बसतात, दोन्ही बाजू ऐकतात, देणंघेणं ठरतं, आणि बाई मोकळी होते. कायद्याच्या नजरेत हा कमी दर्जाचा घटस्फोट नाही. मात्र त्याचा कागद बहुतेक वेळा नसतो, कारण आजपर्यंत गावात कुणी मागितला नव्हता.

आता शासनाची एक योजना म्हणते कोर्टाचा आदेश आणा, आणि शासनाचाच कायदा म्हणतो तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही. या दोघांच्या मध्ये बाईचे महिन्याचे १५०० रुपये अडतात. आमच्या मते चूक बाईची नाही, फॉर्म तयार करणाऱ्याची आहे. मुंबईत बसून रकाने आखताना गडचिरोली डोळ्यांपुढे नव्हती, एवढंच.

उपाय अवघड नाही. १९९६ च्या पेसा कायद्याचं कलम ४(ड) ग्रामसभेला रूढी-परंपरा आणि वाद मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपायला सक्षम मानतं. मग ‘अमुक बाईचं लग्न रूढीप्रमाणे अमुक दिवशी पंचांसमोर मोडलं’ असा ग्रामसभेचा ठराव ई-केवायसीला आणि निराधार योजनेला का चालू नये? असं एक स्पष्ट पत्र महिला व बालविकास विभागाने काढलं तर अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावरचा ताप जाईल. आज तिलाच ‘घेऊ की परत पाठवू’ हे ठरवावं लागतं. खोटे ठराव होतील ही भीती खोटी नाही, पण त्याला तपासणी हा इलाज आहे. खोटे दाखले इतर योजनांतही निघतात, म्हणून तिथे दाखलेच बंद केले नाहीत.

तोवर बाईने काय करावं? पंच हयात आहेत तोवर लिहून घ्या. लग्न कधी लागलं, कधी मोडलं, बैठकीला कोण होतं, काय ठरलं, मुलं कुणाकडे. पंचांच्या सह्या-अंगठे, आणि ग्रामसभेत ठराव. तेवढ्याने कुणी ऐकलं नाही, किंवा जमिनीचा, पेन्शनचा वाद असेल, तर कोर्टात ‘माझं लग्न रूढीने संपुष्टात आलं आहे’ एवढं जाहीर करून मागता येतं. कौटुंबिक न्यायालयाला वैवाहिक स्थिती ठरवायचा अधिकार आहे, इतर ठिकाणी दिवाणी कोर्टात घोषणेचा दावा होतो. तिथे रूढी साक्षी-पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि तेव्हा ती पंचांची नोंद उपयोगी पडते. ज्यांनी विशेष विवाह कायद्याने नोंदणी लग्न केलं, त्या आदिवासी जोडप्यांना मात्र कोर्टाचाच घटस्फोट लागतो.

वकिलाच्या फीची भीती असेल तर, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही महिलेला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. फोन करताना गाव, लग्नाचं अंदाजे वर्ष, नवऱ्याचं पूर्ण नाव आणि सापडला असेल तर सीएनआर नंबर जवळ ठेवा.