वासाच्या तारणावर

हॅम्बुर्गला असलेल्या आमच्या लेकीने गेल्या दिवाळीनंतर नऊ डबे पाठवले. पत्र्याचे, देखणे, मुठीत मावतील एवढे. एकावर कॅरामेलची सोनेरी धार, दुसऱ्यावर चॉकलेटची वडी, तिसऱ्यावर व्हॅनिलाच्या शेंगा. मग सफरचंद-दालचिनी, पीच, लाल फळे, आणि एकावर देवगडच्या माणसाने ओळख दाखवू नये असा आंबा. उरलेल्या दोहोंत अर्ल ग्रे आणि जॅस्मिन. नवाच्या नऊ डब्यांत चहा होता, निदान डब्यांवर तरी तसे म्हटले होते. झाकणे उघडली तेव्हा घरभर असा दरवळ सुटला, की शेजारच्या वहिनी ‘काय केक केलाय का?’ म्हणून डोकावून गेल्या.

हे डबे पाठवण्यामागे कारण होते. पत्नीला मधुमेह आहे आणि डॉक्टरांनी गोड बंद केले आहे. शिवाय २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तिचा वास गेला होता. तेव्हा लेकीने तिकडून एक उपाय कळवला होता. ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल या डॉक्टरांनी २००९ मध्ये मांडलेला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास सकाळ-संध्याकाळ काही सेकंद घ्यायचे, मन लावून, महिनोन्‌महिने. पत्नीने ते काही महिने केले. पुढे फोनवर ती सांगू लागली, ‘येतोय गं आता वास.’ लेकीला आनंद झाला. आईला गोड खाता येत नाही, पण गोडाचा वास तर घेता येईल, या मायेने तिने डबे धाडले.

मी निवृत्त बँक अधिकारी. कादंबऱ्या लिहितो, पण हाताला सवय तक्त्यांचीच. नऊ प्रकारचे चहा घरात आले म्हटल्यावर त्यांची रीतसर पडताळणी करायचे मी ठरवले. ही हौस जुनी आहे. १९९१ ते १९९४ मी गुवाहाटीला होतो. चहामळ्यांना हंगामी कर्जे देणे हा आमच्या शाखेचा मोठा व्यवसाय. कर्ज द्यायचे तर मालाची किंमत कळायला हवी, आणि ती ठरे लिलावात. कलकत्त्यात चहाचा लिलाव १८६१ पासून होतो, गुवाहाटीचे केंद्र १९७० चे. लिलावाआधी दलालांकडे चहा चाखला जाई. ते पाहायला मी वेळ काढून जात असे.

लांबच लांब टेबल. त्यावर पांढऱ्या चिनी मातीची झाकणाची भांडी आणि तशाच वाट्या. चहा चाखण्याच्या या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानकही आहे, १९८० सालचे. १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, ६ मिनिटे, त्यात कमी-जास्त नाही. दूध घालायचे की नाही याची मुभा आहे, साखरेची नाही. चाखणारा चमचाभर चहा असा जोरात भुरकतो, की आपल्याकडे पंगतीत त्याला दोनदा दटावले असते. पण त्या भुरक्यात शास्त्र आहे. चहा तोंडभर पसरतो आणि त्याची वाफ घशामागच्या वाटेने नाकात चढते. मग तो पिकदाणीत थुंकायचा आणि पुढच्या वाटीकडे सरकायचे. भिजलेली पानेही झाकणावर उलटून पाहायची. मला शिकवणाऱ्या वृद्ध गृहस्थांचा कटाक्ष असा, की वाटी गरम असताना केलेले मत कच्चे धरावे आणि कोमट झाल्यावर पक्के करावे. गरम वाफ पुष्कळ दोष झाकते.

आमच्या धंद्यालाही हे लागू होते. सुबक टंकलेला प्रकल्प-अहवाल, गुळगुळीत कागद, नव्या फर्निचरचा वास असलेले कार्यालय यांच्या भरवशावर मीही एकदा एका कर्जाची शिफारस केली होती. ते बुडाले. वासाचे तारण धरून पैसे दिले की वसुलीच्या वेळी हातात काही लागत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

तर एका रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर नऊ पांढरे कप मांडले. तळाला आकडे चिकटवले. कोणत्या आकड्यात काय हे फक्त मला ठाऊक. पत्नीपुढे एक तक्ता ठेवला. दोन रकाने, एक नाकाचा आणि एक जिभेचा. ‘अहो, दिवाळं काढणार आहात का माझं?’ असे म्हणत तिने पेन घेतले.

अर्ध्या तासाने तक्ता हाती आला. जिभेचा रकाना वाचून मी थक्क झालो. दोन आणि सात या कपांपुढे तिने लिहिले होते, ‘एकच चहा.’ ते कॅरामेल आणि चॉकलेट होते. आत साधा, जरा जून पानांचा वाटणारा काळा चहा, दोन्हींत अगदी सारखा, फक्त वरचा गंध वेगळा. व्हॅनिलापुढे, ‘तुरट, मग काही नाही.’ आंब्यापुढे, ‘फुळकवणी.’ सहाव्या कपापुढे, ‘दात आंबले. रंग अंबाडीच्या सरबताचा.’ तो लाल फळांचा. मी डब्याचा तळ भिंगाने वाचला. पहिले नाव हिबिस्कस, मग सफरचंदाचे तुकडे, मग जंगली गुलाबाची फळे. चहाचे एक पान नाही. आणि हा हिबिस्कस म्हणजे आपली लाल अंबाडी. पत्नीचे माहेर वर्ध्याकडचे, तिथे अंबाडीच्या लाल बोंडांचे सरबत होते. वर्ध्याची जीभ जर्मन डब्याला फसली नाही. त्याच चहात मी आदल्या दिवशी सवयीने दूध घातले होते आणि ते फाटले होते. आंबटात दूध फाटणारच. त्या फाटण्यातून मला जे कळायला हवे होते ते कळले नव्हते.

जॅस्मिनपुढे, ‘हा चांगला चहा आहे. मऊ. मागे गोडसर राहतो.’ अर्ल ग्रेपुढे, ‘कडक, स्वच्छ.’

मग मी नाकाचा रकाना पाहिला. पहिल्या कपापुढे ‘छान’. दुसऱ्यापुढे ‘छान’. नवव्यापर्यंत नऊ वेळा ‘छान’.

तपासणीचे शेकडो अहवाल मी वाचले आहेत. ज्या अहवालात प्रत्येक ओळीवर ‘समाधानकारक’ असते, तिथे तपासणी झालेलीच नसते. मी तिच्याकडे पाहिले. ती कप उचलू लागली होती. ‘किती दिवस?’ मी विचारले. ‘तो परत आलाच नाही,’ ती म्हणाली. ‘ती एवढ्या लांब, रोज विचारायची. काय सांगणार? आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत.’

चार वर्षे एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून, मला हे कळले नव्हते. आमटीत हिंग जास्त पडतो म्हणून मी कुरकुरत होतो.

त्या दिवसानंतर मी या चहांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जिभेला मुळात मोजक्याच चवी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू, आणि मांसल-डाळीसारखी एक भरीव चव. तुरटपणा ही खरे तर तोंडातली ओढ, स्पर्शाचाच प्रकार. बाकी आपण ज्याला चव म्हणतो ते बहुतेक सगळे नाकाचे काम. आंबा, पीच, कॅरामेल, व्हॅनिला हे भेद नाक करते. व्हॅनिलाला स्वतःची गोडी नाही, तिचा नुसता अर्क चाखला तर कडू लागतो. आपण आयुष्यभर ती साखरेबरोबरच खातो म्हणून तिचा वास आला की मेंदू गोडीची हुंडी वटवतो. मिठाईच्या वासाच्या चहाचे सारे गणित या हुंडीवर आहे. आणि जगात वापरले जाणारे बहुतेक व्हॅनिलिन शेंगेतून नव्हे, कारखान्यातून येते.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. ज्या व्यक्तीला वास येत नाही तिच्या जिभेवर गंधाच्या चहाचा निकाल लावणे म्हणजे बहिऱ्याला गवयाची परीक्षा घ्यायला बसवणे होय, असे कोणी म्हणेल, आणि ते काही अंशी खरे आहे. गंध हा अर्धा आनंद आहे. साखर बंद झालेल्या माणसाला बिनसाखरेच्या कपात कॅरामेलचा भास मिळाला तर त्यात फसवणूक कसली? आणि चहाला बाहेरचा गंध देणे ही काही आजची लबाडी नाही. चीनमधल्या फूचौला चहाच्या पानांत मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या मिसळतात. त्या संध्याकाळी उमलतात, रात्रभर चहा तो गंध पितो, सकाळी फुले काढून टाकतात, आणि हे पुन्हा पुन्हा करतात. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असते. त्याची लागवड मुख्यतः इटलीच्या कालाब्रियात होते. दार्जिलिंगच्या दुसऱ्या तोडीला तर कोणी काही लावतही नाही. तुडतुडे कोवळी पाने चावतात, झाड त्याला उत्तर म्हणून सुगंधी द्रव्ये तयार करते आणि कपात पिकल्या द्राक्षाचा भास होतो.

आपणही यातलेच. गवती चहा टाकतो तेव्हा आपण लिंबाच्या वासाचाच चहा पीत असतो. गवती चहात आणि लिंबाच्या सालीत सिट्रल हे एकच द्रव्य आहे. पुण्याच्या अमृततुल्यातली वेलची काय वेगळे करते?

तेव्हा माझे भांडण गंधाशी नाही. गंधाच्या आड आत काय दडवले, याच्याशी आहे. जॅस्मिनचा गंध गेला तरी कपात चहा उरला. कॅरामेल आणि चॉकलेट यांचा गंध गेला आणि दोन्हींत एकच सामान्य चहा निघाला. भरपूर सुगंध असला की पानाचा दर्जा तपासायला कोण बसतो? लाल फळांच्या डब्यात चहाच नव्हता.

यावर आपल्याकडे नियम आहेत, हे थोड्यांना ठाऊक असते. गंध घातलेल्या चहाच्या वेष्टनावर ‘फ्लेवर्ड टी’ असे छापावे लागते, गंधाचे नाव आणि प्रमाणही द्यावे लागते. आणि २०२५ च्या डिसेंबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्पष्ट केले, की चहाच्या झुडपापासून न बनलेल्या पेयाला ‘चहा’ म्हणता येणार नाही. काही व्यापाऱ्यांना हा काटेकोरपणा वाटेल. मला तो रास्त वाटतो. अंबाडीच्या बोंडांचा काढा उत्तम पेय आहे, त्याने स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहावे. (या नियमाने आपल्या गवती चहाचे काय करायचे हा प्रश्न मात्र मराठी भाषेने सोडवावा. ते गवत आपण चहात टाकतो, चहाऐवजी नाही, एवढे मी साक्षीला सांगू शकतो.)

ग्राहकाने काय करावे? वेष्टनावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले नाव वाचावे, माल तोच. पहिल्यांदा साखर-दुधाशिवाय प्यावा. आणि कप कोमट होऊ द्यावा. सुगंध आधी उडून जातो, मग जे उरते त्याची किंमत करावी. लग्नाची स्थळे आणि निवडणुकीतले उमेदवार यांनाही ही कसोटी लावायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने नेहमीचा चहा केला. आले ठेचले, गवती चहाची पात चुरगळून टाकली. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, ‘आलं लागतंय.’ मला वाटले, पुन्हा ‘छान’च्या जातीचे काही. पण नाही. आल्याचा तिखट झोंबरेपणा आणि पुदिन्याचा थंडावा यांची खबर वासाची नस देत नाही, चेहऱ्याची दुसरीच नस देते, आणि ती तिची शाबूत आहे. नऊ डबे जे करू शकले नाहीत ते बोटभर आल्याने केले. चार वर्षे ती आले वाढवत नेत होती आणि मी तेही लक्षात घेतले नव्हते.

त्या संध्याकाळी तिने लेकीला खरे ते सांगितले. तिकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग लेक म्हणाली, ‘आई, मग पुन्हा सुरू करू या. पण या वेळी खरं सांगायचं.’

आता खिडकीत चार बाटल्या आहेत आणि शेजारी ते नऊ डबे. पत्नी रोज सकाळी एकेक उघडते, डोळे मिटून वास घेते आणि वहीत नोंद करते. नऊच्या नऊ डब्यांपुढे आणि चारही बाटल्यांपुढे ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. ती वही वाचताना मला बरे वाटते, कारण हिशेब खरा आहे. गेल्या गुरुवारी लवंगेपुढे तिने ‘काहीतरी’ असे लिहिले. बँकेत असताना असा शेरा मी कधी मान्य केला नसता, फाइल परत पाठवली असती. या वेळी खाली सही केली.