किल्ला विकत आणू नका

दिवाळी जवळ आली की बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मांडले जातात. ते आणल्याने पालकांचा वेळ वाचतो. संस्काराची संधी मात्र हातची जाते. दगड-विटा रचून, गोणपाटावर चिखल लिंपून, उतारावर अळीव पेरून मुलांसह उभारलेला किल्ला चार-पाच दिवसांत हिरवागार होतो. पाण्याचे टाके कुठे, महादरवाजा बुरुजाआड का, हे मुलांना सांगताना आपलीही इतिहासाची उजळणी होते. जुलै २०२५मध्ये रायगड, राजगडासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तो वारसा उद्या जपणारे हात आज अंगणातल्या मातीने माखले पाहिजेत. त्यासाठी आई-वडिलांनी एक सायंकाळ तरी राखून ठेवावी.